न वाचलेल्या कोडाखाली माझं नाव

"तुमचं नाव मी टाकलंय, ताई. तुम्ही त्रास घेऊ नका."

टीमचे प्रमुख, आमचे सर, असं म्हणाले तेव्हा पडद्यावर आम्ही नऊ जण होतो. नऊ चौकटी. आठ चौकटींत मागं पुस्तकांची कपाटं नाहीतर पांढऱ्याशुभ्र भिंती. नवव्या चौकटीत मी, आणि माझ्या मागं पाण्याची काळी टाकी. जळकोटात आमच्या घरी नेट धरतं ते फक्त गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली. त्याला मी ऑफिस म्हणते. घरचे कबुतरखाना म्हणतात.

"नाव टाकलंय म्हणजे?" मी विचारलं. "मी तो पॅच वाचलेला नाही, सर."

"वाचायचं काय त्यात? पाच वाजता पुढं पाठवायचाय. तपासणाऱ्यांची दोन नावं लागतात, दुसरं तुमचं." मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुम्ही निवांत भाकरी उरका."

नेमका तेव्हाच हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. आठही चौकटी हसल्या. मीसुद्धा हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मी फार शूर वाटेन. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

वय सत्तेचाळीस. सर चौतीस वर्षांचे. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात. इतकी वर्षं मला वाटायचं, वयाचा मान ठेवतात.

माझं काम काय, हे गल्लीत कुणाला नीट सांगता आलेलं नाही. निम्म्या लोकांना वाटतं मी टीव्ही दुरुस्त करते. एकदा एक मावशी रिमोट घेऊन आल्या होत्या. तर काम असं. संगणकाचा जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात. त्या गाभ्याला यंत्राची भाषा कळत नाही, म्हणून मधे दुभाषा लागतो. तो ड्रायव्हर. आमचा ड्रायव्हर ग्राफिक्स कार्डाशी बोलतो. चित्रं तयार करणारं कार्ड. दर थोड्या वेळानं तो कार्डाला विचारतो: ताप किती? मेमरीत चुका किती? पंखा फिरतोय का? आणि जे उत्तर येईल ते वर कळवतो. कार्डाची तब्येत. आमची ही कार्डं दवाखान्यांतल्या स्कॅनच्या मशिनींत बसतात.

ह्या दुभाष्याच्या कोडात कुणी केलेला बदल म्हणजे पॅच, आणि तो दुसऱ्यानं वाचायचा. ओळ न ओळ. वाचून पटला तर खाली एक ओळ येते, तपासणाऱ्याच्या नावाची. हे सगळं ई-मेलच्या टपालानं चालतं, आणि ते टपाल जगात कुणालाही उघडून वाचता येतं. ती ओळ एकदा गाभ्यात गेली की पुसता येत नाही. आणि तिचा कायदा एकच. ती ज्याची त्यानं द्यायची. दुसऱ्यानं घालायची नाही.

हा कायदा मला पाठ होता. तरीही माझं नाव ह्याआधी दोनदा असंच गेलं होतं.

पहिल्यांदा गेलं तेव्हा मी काय केलं असेल? पेढे वाटले. खोटं सांगत नाही. तुळजापुरातून अर्धा किलो आणले आणि गल्लीत वाटले. पडद्यावरच्या नावाचा फोटो काढून भावकीतल्या सगळ्यांना पाठवला. ज्या बदलाखाली ते नाव होतं, तो मी वाचलाच नव्हता. सरांनी फोनवर म्हटलं होतं, "टाकून दिलंय तुमचं," आणि मी म्हटलं होतं, "थँक्यू सर."

थँक्यू.

त्या दिवशी मात्र भाकरीचा शब्द कुठंतरी अडकला होता. कॉल संपल्यावर मी खाली गेले. खरंच भाकरी करायच्या होत्या, ही आणखी लाजेची गोष्ट. पीठ काढलं. परत डब्यात ओतलं. वर आले आणि पॅच उघडला.

बारीकसा होता. चौदा ओळी. पहिल्या वाचनात काही दिसलं नाही. दुसऱ्या वाचनात दिसलं ते असं.

कार्ड मेलं, म्हणजे जागेवरून साफ बंद पडलं, तरी विचारल्यावर आकडे येतात. सगळे एक. एक, एक, एक, एक, ओळभर. ते उत्तर नसतं. पलीकडं कुणी नाही, हे सांगायची तीच एक खूण. जुना कोड ती खूण बघून वर कळवायचा, "कार्ड उत्तर देत नाही." मशिनीवर लाल दिवा लागायचा. नव्या कोडात लिहिलं होतं की अशी खूण दिसली तर ती सोडून दे, चुका शून्य धर, आणि वर कळव, "तब्येत ठीक."

कारणही वर दिलं होतं. गिऱ्हाइकांना विनाकारण येणाऱ्या सूचना कमी करणे.

आमच्याकडं सरणावरचा माणूससुद्धा तक्रार करत नाही. तेवढ्यावरून त्याला कुणी ठणठणीत म्हणत नाही. आणि त्या चौदा ओळींच्या खाली, स्वच्छ अक्षरांत, माझं नाव. आडनावासकट.

एक वाजला होता. पॅच टपालात पडलेलाच होता, पाचला तो गाभ्याकडं जाणार होता.

मी सरांना फोन लावला. घाईत दोनदा भलतीकडंच लागला. एकदा तर गॅस सिलिंडरवाल्याला.

"सर, ह्यात चूक आहे. कार्ड बंद पडलं तरी आपण ठीक म्हणतोय."

"चूक नाही ती. गिऱ्हाइकाला तेच हवंय."

"मग माझं नाव काढा."

तिकडचा आवाज एकदम मऊ झाला. मला ओरडणाऱ्या माणसाची तितकी भीती वाटत नाही. मऊ आवाजाची वाटते.

"ताई, एक बोलू? तुमच्या लोकांना कुठं मिळतं असं काम? गच्चीवर बसून? वर मी शब्द टाकला होता तुमच्यासाठी. तो खाली पडू देऊ नका. येत्या महिन्यात तुमचा करार नवा व्हायचाय ना?"

तुमच्या लोकांना.

मी त्यांना माझी जात कधी सांगितली नव्हती. सांगावी लागत नाही. आडनाव कळलं की पुढचं सगळं त्यांचं त्यांना कळतं.

आणि मी काय म्हणाले? "जी सर." सत्तेचाळीस वर्षांची बाई. "जी सर" म्हणून फोन ठेवला आणि टाकीला टेकून खाली बसले. शूर माणसांच्या गोष्टींत हा भाग कुणी लिहीत नाही.

आता कानाचं सांगायला हवं. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. घरात ह्यावर विनोद चालतात. मी म्हणते, त्यामुळं मला लोकांच्या निम्म्याच शिव्या लागतात. पण तो कान जन्मतः बंद नव्हता.

माझं माहेर ईट गावचं. मी तिसरीत असताना शाळेत तपासणीला डॉक्टर आले होते. आमच्या वस्तीतली सात पोरं वेगळी, व्हरांड्याच्या टोकाला बसवलेली. माझा कान महिनाभर वाहत होता. आईनं कापसाचा बोळा घातलेला. डॉक्टर एकेकाचे डोळे, दात, कान बघत आमच्यापर्यंत आले आणि थांबले. गुरुजी म्हणाले, "ही त्या वस्तीतली. ह्यांना काय हुतंय? दगडं पचीवतेत ही." दोघं हसले. आम्हाला कुणी हात लावला नाही. तपासणीच्या सात कार्डांवर एका दमात सात वेळा तोच शब्द लिहिला. निरोगी.

मला तो शब्द वाचता आला म्हणून मी केवढी खूश! कार्ड फडकवत घरी पळाले. आईनं ते देवळीत ठेवलं. शाळेच्या कागदावर लिहिलंय म्हणजे कान बरा होणार, असं तिला वाटलं. दवाखान्यात नेलंच नाही. दिवाळीपर्यंत तो कान गेला.

खोट्या कागदावर खूश व्हायची सवय अशी जुनी.

पण गुरुजी आणि डॉक्टर, त्यांचं मी समजू शकते. ते वर होते. आम्ही व्हरांड्याच्या टोकाला. ह्या खेपेला टोकाला कोण होतं? ते मुकं कार्ड. आणि त्या कार्डाच्या भरवशावर मशिनीत झोपवलेला कुणीतरी माणूस. आणि निरोगी लिहिणाऱ्याच्या जागी सही कुणाची? माझी.

हे डोक्यात आलं तेव्हा सरांची भीती कमी झाली नाही. उलट दुसरी तिच्यावर येऊन बसली.

साडेतीनला आमचे हे जेवायला आले. ह्यांचं हायवेला वेल्डिंगचं दुकान आहे. कपाळावर चष्मा तसाच. ताटात भाकरी नाही हे बघून ते माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी सगळं सांगितलं.

"मग न्हाय म्हन की," हे म्हणाले.

"नोकरी जाईल."

"मग व्हय म्हन."

"मशिन खोटं बोलंल."

"मग न्हाय म्हन."

"अहो, नीट सांगा!"

"मला काय इचारतीस? वाचाया तुला येतंय. मला त्यात नुसत्या मुंग्या दिसत्यात."

"तुम्हाला भ्या वाटत न्हाय का?"

ह्यांनी कालचा शिळा भात पुढं ओढला. "लई वाटतंय. पोरीचं शेवटचं वरीस हाय." आमची मुलगी लातूरला नर्सिंग शिकते. "पन तू मला इचारून केलंस, तर उद्या जे हुईल त्याला माझं नाव लावशील. ते नको. तुझं तू बग."

एवढं बोलून भात संपवला आणि गेले. मला त्यांचा इतका राग आला, की त्या रागाच्या जोरावरच मी वर चढले.

चार वाजून दहा मिनिटं.

सरांना एकट्यांना लिहिलं असतं तर ते तिथंच विझलं असतं. मी जगाला उघड्या असलेल्या त्या टपालात लिहायला घेतलं. माझं इंग्रजी पुस्तकी आहे. चार वाक्यांना चाळीस मिनिटं लागली.

पहिलं वाक्य: ह्या पॅचखाली तपासणारी म्हणून माझं नाव घालण्यात आलं आहे, ते मी दिलेलं नाही. दुसरं: मी तो आता वाचला आहे आणि तो चूक आहे; कार्ड उत्तर देत नसताना हा कोड तब्येत ठीक असल्याचं कळवतो. तिसरं: हा बदल घेऊ नये.

इथं थांबता आलं असतं. अब्रू राहिली असती. सरांची गेली असती, माझी राहिली असती. चौथं वाक्य तरीही लिहिलं: ह्याआधीच्या दोन बदलांखालीही माझं नाव न वाचता गेलेलं आहे, ते मला ठाऊक होतं, मी गप्प राहिले, ते दोन्ही पुन्हा तपासावेत.

पेढे खाल्लेली सगळी तोंडं डोळ्यांपुढून गेली.

चार वाजून बावन्न मिनिटांनी पाठवलं. पाठवल्यावर मला उलटी झाली. टाकीच्या मागं जाऊन केली, शेजारीण गच्चीवर वाळवण काढत होती म्हणून.

पॅच तसाच अडला आहे. परक्या देशातल्या कुणीतरी एका ओळीत लिहिलं, "ह्यांचं बरोबर आहे." त्यानं माझी नोकरी वाचेल असं नाही. आमच्या कंपनीतल्या आठ जणांपैकी कुणी काहीच लिहिलं नाही.

काल सरांचं पत्र आलं. मऊ आवाजातलं. त्याच उघड्या टपालात मी लिहून द्यायचं की तो गैरसमज होता, घरच्या गडबडीत नीट बघितलं नाही. सोमवारपर्यंत. मग कराराचं बघू. मजकूरही त्यांनीच तयार करून पाठवलाय. खाली माझं नाव टाकून.

मी तो मजकूर तीन वेळा वाचला. आता वाचते मी सगळं.

आज शनिवार. फोन वाजला की दचकते. मुलीला अजून सांगितलेलं नाही. तरी उत्तर लिहून ठेवलंय, आणि सोमवारी त्यातला एक शब्दही बदलणार नाही.

गैरसमज झालेला नाही. घरात गडबड नव्हती. मी ओळ न ओळ वाचलं आहे. नाव देत नाही.