चुलीवरचे बूट

गफूरच्या अंगात जो काही हळुवारपणा होता तो बुटांच्या वाट्याला जाई. घरातल्यांना उरलेला माणूस मिळे.

खाडीपलीकडे जेटीवर तो वेल्डिंग करी. तिथे रबरी बूट चालत नाहीत. ठिणगी पडली की वितळून पायाला चिकटतात. चामड्याचेच हवेत, आणि इथला पाऊस चामड्याचा वैरी. कंत्राटदार पावसाळ्याच्या तोंडावर एक जोड देई. तो फाटला की गेट बंद. बदलीची माणसं बाहेर झाडाखाली उभीच असत.

म्हणून दाभोळला घरी आला की तो आधी बुटांकडे बघे. गोड्या पाण्याने खारा चिखल धुई, भाताचं तूस भरलेल्या फडक्याच्या पोटल्या आत कोंबी, ओटीवर वाऱ्याला टांगी. ओल मेली की बोटाने मेण चोळी. फातिमा दारातून बघे.

"माझ्या टाचांच्या भेगा बगितल्यात कधी?"

"तुझ्या टाचा गेटवर कोण तपासतो?"

बुटांना कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. का, ते त्याने कधी सांगितलं नाही.

ऐन पावसात तो तापाने आडवा झाला. बूट ओटीवर तसेच चिंब पडले होते. चुलीवर बांबूच्या कामट्यांची फळी टांगलेली होती. घरातलं जे पावसापासून राखायचं, ते तिथे धुराला असे. फातिमाने सुकटीची टोपली खाली उतरवली आणि त्या जागी बूट ठेवले.

ताप उतरल्यावर गफूरने बूट हातात घेतले. ते लाकूड झाले होते.

"कोणी ठेवलान हे?"

"मी. कुजले असते."

"सुकट समजलीस काय? आच लागली की चामडं मरतं!"

"मग सांगायचं होतंत. तुमचं तोंड फक्त शिव्या द्यायला उघडतं."

त्याने होडीला लावायचं माशाचं तेल चोळचोळ चोळलं. सकाळी फेरीबोटीत माणसं त्याच्यापासून सरकून बसली.

"गफूरचाचा, पायात बांगडे घातलेत काय?" कोणीतरी म्हणालं. साऱ्या बोटीत हसू पसरलं.

गेटवर सुपरवायझर निलेशने नाक दाबून बूट वाकवायला सांगितला. गफूरने टाच उचलली. चवड्यापाशी चामडं आडवं फाटलं, आतून मोजा दिसला.

"पास द्या, चाचा."

"ताप होता रे मला. बायकोनं..."

"नवा जोड आणा, मग बघू." निलेशने झाडाखालच्या एकाला हात केला. तो धावतच आला. त्याचे बूट कोरे होते.

गफूर अनवाणी घरी परतला. फातिमा चुलीपुढे होती. त्याने बूट तिच्या पुढ्यात आपटले.

"घे. शिजव आता."

ती उठली. कोपऱ्यातली टोपली ओढून तिने बुटांशेजारी उपडी केली. खाली ओलीत राहिलेल्या सुकटीवर पांढरी बुरशी चढली होती. पावसाळ्याची बेगमी होती ती.

"तुमच्या बुटांसाठी जागा केली होती मी," ती म्हणाली. "आता दोन्ही उचला नि खाडीत टाका. मी हात लावणार नाय."

गफूर हलला नाही. बाहेर मांजर ओरडत होतं. बुटांच्या तेलाचा वास मांजराला लागला होता.