आवाजाची फाइल

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. सकाळी सव्वादहाला मी प्रोग्राम कंपाइल करायला बसलो. दुसऱ्या दिवशी माझ्या मित्राचे स्वरयंत्र काढायचे होते.

चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही दोघे सव्वीस वर्षे एकाच टूलरूममध्ये होतो. निवृत्तीनंतर मी पायथन ही संगणकाची भाषा शिकलो. तो शिकला नाही. त्याच्या घशातली गाठ कळली तेव्हा रोजच्या गरजेचे शब्द मी त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घेतले आणि एक साधा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मोठी बटणे. बटण दाबले की शब्द ऐकू येतो. माझ्या लॅपटॉपवर तो चालत होता. त्याच्या लॅपटॉपवर पायथन नव्हते, आणि रुग्णालयात त्याच्या पत्नीला दोनदा क्लिक करून उघडता येईल अशी एकच फाइल हवी होती. एखादा शब्द राहिला असेल तर तो शस्त्रक्रियेआधी, त्याच दिवशी कळायला हवा होता. नंतर भर घालणे शक्य नव्हते.

कंपायलर आधी पायथनचे सी भाषेत रूपांतर करतो आणि मग त्यातून यंत्राला थेट चालवता येणारी फाइल बनवतो. पहिला टप्पा सुरळीत झाला. दुसऱ्या टप्प्यावर लाल ओळींची रांग आली. मी तळाची ओळ धरून बसलो. कंपायलर काढून पुन्हा बसवला. रांग तीच. दोन तासांनी, टूलरूममध्ये नवख्यांना जे बजावत असे ते स्वतः केले: पहिली चूक आधी पाहिली. फाइल सापडत नाही, एवढेच तिथे म्हटले होते. फाइलच्या पत्त्यात एका जागी नुसती प्रश्नचिन्हे होती.

तो पत्ता माझाच. कोणत्याही वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिल्याखेरीज मी काम सुरू करत नाही. या कामाच्या फोल्डरलाही मी तेच नाव दिले होते, देवनागरीत. कंपायलरला ती अक्षरे वाचता येत नव्हती. नाव इंग्रजी अक्षरांत केले. थोड्याच वेळात फाइल तयार झाली. सगळी सकाळ माझ्या सवयीने खाल्ली होती.

दुपारी तीनला रोशन गेटला त्याच्या घरी पोहोचलो. त्याने पहिले बटण दाबले. आवाज आला नाही. दुसरे, तिसरे, तेच. ध्वनीच्या फाइली मी आत बांधल्याच नव्हत्या. माझ्या लॅपटॉपवर त्या शेजारीच पडलेल्या असत, म्हणून उणीव दिसली नव्हती.

"वा भाऊ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मेरे से पैले येच गूंगा हो गया."

"तू कमी बोल."

"कल से कमीच बोलना है ना."

मी सिडकोत माझ्या घरी परतलो, ध्वनीचे फोल्डर जोडले, पुन्हा कंपाइल केले. या खेपेला माझा लॅपटॉपही सोबत घेतला. साडेपाचला त्याच्या घरी सगळी बटणे वाजली. नर्ससाठीचे शब्द मराठीत, घरचे त्याच्या बोलीत. त्याची पत्नी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.

"पानी है, पंखा है, डाक्टर है," ती म्हणाली. "मेरे कू बुलाने का बटन किधर है?"

मी यादी पाहिली. नव्हते. ती यादी आम्ही दोघांनी मिळून केली होती.

"तू तो बुलाने से पैलेच आ जाती," तो म्हणाला.

"और बाजू के कमरे में रही तो?"

त्याने मायक्रोफोन मागितला. तिला तो आजवर "सुनती क्या" असेच हाकारत आला होता. दोनदा घसा बसला. तिसऱ्यांदा ते दोन शब्द उमटले, तेही फाटके. तेच ठेवले. ती आत निघून गेली.

मी नवे बटण जोडले आणि तिथेच कंपाइल केले. चूक आली नाही. नवी फाइल त्याच्या लॅपटॉपवर टाकली, जुनी पुसली, आणि चार्जर गुंडाळून रुग्णालयाच्या पिशवीत ठेवला.