मागच्या अंगणातली खोली

आपल्याच खोलीच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप दिसलं, तेव्हा मुन्नीबाई हातातली पिशवी खाली ठेवायचंही विसरल्या. काकूच्या तेरवीला त्या तीन दिवस केशोरीला, माहेरी गेल्या होत्या. दुपारच्या बसने अर्जुनी मोरगावला परतल्या, तर दाराच्या फटीतून खताचा उग्र वास येत होता. ताज्या चुन्याचा आणि नव्या लाकडाचा जो वास त्यांनी महिनाभर रोज आत जाऊन घेतला होता, तो कुठेच नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेतना सामान घेऊन राहायला येणार होती.

ही खोली कुणाची, ते आधी सांगायला हवं. कारण आमच्या गल्लीत तो प्रश्न कुणाला पडलाच नाही.

जागा म्हणजे सासरच्या वाटणीत धनलाल यांच्या, मुन्नीबाईंच्या नवऱ्याच्या, वाट्याला आलेलं मागचं अंगण. सहा वर्षांपूर्वी धनलाल वारले आणि कागदावर मुन्नीबाईंचं नाव चढलं. बांधायला पैसा आला तो माहेरच्या जमिनीतून. वडील गेल्यावर भाऊ हक्कसोडीचा कागद आणि एक साडी घेऊन आला होता. आमच्याकडे बहिणी एका साडीवर सही करतात, आणि वर भावाला जेवू घालतात. मुन्नीबाईंनी जेवू घातलं, सही केली नाही. म्हणाल्या, "साडी मी इकत घेईन, दादा. तलावाखालची जमीन मले कोण इकून राहिला?" भाऊ वर्षभर बोलला नाही. मग वाट्याची किंमत देऊन मोकळा झाला.

त्या पैशात एक खोली, एक न्हाणी, एक संडास आणि बोअर झाली. भिंतींवर पाणी मुन्नीबाईंनीच मारलं, दिवसातून तीनदा, महिनाभर. मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाला होता, "बाई, घरचं कोणी माणूस बोलवा न, काम समजावून सांगतो."

"मी कोण आहो? म्हैस?"

मिस्त्री हसला आणि त्याने दाराची जागा त्यांनाच विचारली. पण बाजारात सगळे म्हणू लागले, केवळरामजींनी मागं खोली काढली बरं का.

केवळराम हे धनलाल यांचे थोरले भाऊ. म्हणजे मुन्नीबाईंचे भासरे. आणि भासऱ्याशी सून बोलत नाही. त्यांच्यासमोर खाटेवर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्यांचं नाव घेत नाही. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं आणि जावेने पुढे सांगायचं, मग भासरे चार हातांवर बसलेले का असेनात. बत्तीस वर्षं मुन्नीबाई आणि केवळराम यांच्यामध्ये सुशिलाबाई उभ्या होत्या, दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यासारख्या. सुशिलाबाई वाईट नाहीत. त्यांना भांडण सोसत नाही, एवढंच. मुन्नीबाईंनी "नाही" म्हटलं, की त्या "पाहून सांगतो म्हणे" असं पोचवायच्या. "माझं मी करीन"चं "तुम्ही म्हणाल तसं" व्हायचं. बत्तीस वर्षांत केवळरामांनी आपल्या भावजयीचा एकही नकार ऐकला नव्हता. सगळे नकार मधल्या पाच पावलांत सुशिलाबाईंच्या पदराखाली झाकले जायचे. आपलं ऐकणारी सून मिळाली म्हणून ते चार लोकांत तिची तारीफही करत. मला त्या तारिफेचा अजून राग येतो.

चेतना दवाखान्यात नर्स म्हणून नवी आली होती. खोलीसाठी तिने नऊ घरं पाहिली. एकटी का? नाईट ड्युटी असते का? लग्न कधी करणार? आणि शेवटी, चहाचा कप पुढे करत, अगदी सहज विचारल्यासारखं, आडनाव काय? आडनाव सांगितलं, की खोली परवाच कुणी तरी घेतलेली असायची. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. वाचताना ते जाणून घ्यावंसं वाटत असेल, तर ते का वाटतं हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

दहाव्या दारात मुन्नीबाई धान पाखडत बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "किती घरं फिरलीस?"

"नऊ."

"मग तुले आधी."

हे असं का, ते चेतनाला समजलं नाही. मुन्नीबाईंच्या माहेरी आजोबा गावच्या तलावाचं पाणी वाटायचे. त्यांची रीत ठरलेली होती. पाणी सुटलं की पहिला दिवस तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, सगळ्यात लांबच्या शेताचा. जवळच्याला काय, झिरपूनही मिळतं. लांबच्याला उरलंसुरलं देऊ म्हटलं, तर त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. तलाव बांधणाऱ्या पूर्वजांचा अभिमान आमच्या समाजात लग्नाच्या मांडवात, सभेत, फटफटीच्या मागच्या पाटीवरही असतो. ही रीत मात्र मला मुन्नीबाईंकडे दिसली.

कागद केला नाही, आगाऊ भाडं मागितलं नाही. "सोमवारी ये" म्हटलं, तो त्यांचा करार. आणि केशोरीला जाताना त्यांनी एक चूक केली, जी आमच्या घराघरातली बाई करते. किल्ली मोठ्या घरी ठेवली. गावाला जाताना किल्ली जावेच्या हातात द्यायची, ही बत्तीस वर्षांची सवय. सोबत निरोप दिला, "खोली सोमवारी त्या नर्सबाईले द्याची आहे, त्यांयले सांगजो."

सुशिलाबाईंनी काय सांगितलं, ते आता त्यांना त्या दाराशी बोलावून मुन्नीबाईंनी विचारलं.

"सांगतलं न बाई."

"काय सांगतलं?"

सुशिलाबाई पदराचं टोक पिळू लागल्या. "म्हटलं, खोलीचं तुम्ही पाहून घ्या म्हणे."

केवळरामांनी पाहून घेतलं होतं. धानाच्या रोवण्याचे दिवस, खतवाल्या हेमेंद्रला बाजाराजवळ जागा हवीच होती. शनिवारी साठ पोती आत पडली, त्याचं कुलूप लागलं, बोलणं केवळरामांच्या ओसरीवर झालं आणि दोन महिन्यांचं भाडं केवळरामांच्या बंडीच्या खिशात गेलं.

मुन्नीबाई थेट हेमेंद्रच्या दुकानात गेल्या. तो गोंदियाचा, तोंडाने गोड. "दीदी, आप कायले तकलीफ घेता? भैयासे बात हो गई न. घरमालक ते आहेत."

"कोणी सांगतलं?"

"सब बोलते हैं, दीदी."

सगळे म्हणतात. एवढं पुरतं. बाईने जमिनीसाठी भावाचा अबोला सोसावा, महिनाभर भिंतींवर पाणी मारावं, आणि शेवटी सगळे म्हणतात म्हणून खोली पुरुषाची. यात कुणी चोरी केली नाही, कुणी कागद फाडला नाही. कागदाकडे पाहायचीच गरज कुणाला वाटली नाही.

त्या परतल्या तेव्हा केवळराम ओसरीवर खाटेवर बसून चहा पीत होते. शेजारचे बकाराम गप्पांना आलेले. मुन्नीबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. सुशिलाबाई नेहमीसारख्या मध्ये आल्या.

केवळराम बायकोकडे पाहत म्हणाले, "तिले सांग, पोरीसोरीले खोली देऊन डोक्याले ताप. खतवाला बरा. पोतं रात्री घरी उशिरा येत नाही." बकाराम खो खो हसले.

"बाई, ते म्हणतात..." सुशिलाबाईंनी सुरुवात केली.

"मले कानं आहेत," मुन्नीबाई म्हणाल्या. "तुम्ही बाजूला व्हा."

सुशिलाबाई हलल्या नाहीत. मग मुन्नीबाईच दोन पावलं डावीकडे सरकल्या. डोक्यावरचा पदर होता तिथेच होता. पण आता केवळराम सरळ समोर होते. आणि तेव्हा मुन्नीबाईंच्या लक्षात आलं, या माणसाला काय म्हणून हाक मारायची हेच आपल्याला माहीत नाही. बत्तीस वर्षांत कधी लागलीच नव्हती. त्यांनी हाक न मारताच सुरुवात केली.

"खोली माही आहे. जागा माह्या नावची, पैसा माह्या बापाचा. ते भाडं हेमेंद्रले वापस करा, पोती आजच्या आज काढा. सकाळी पोरगी येऊन राहिली."

केवळरामांनी बशी खाली ठेवली. ते मुन्नीबाईंकडे न पाहता बायकोला म्हणाले, "सुशिला, ही... ही माह्याशी बोलून राहिली?"

"तुमच्याशीच," मुन्नीबाई म्हणाल्या. "आधी बोलली असती तर आज पोती उचलाची पाळी आली नसती. तेवढी चूक माही."

"त्या पोरीची जात मालूम आहे का तुले?" हे मात्र त्यांच्या तोंडून थेट मुन्नीबाईंनाच गेलं.

"नाही. तुमच्या दारातल्या बोअरिंगचं पाणी तिनं मागतलं नाही. माह्या बोअरचं पिणार आहे."

बकाराम उठून चपला शोधू लागले.

"आणि तुम्हीच सांगता न सभेत, आपल्या लोकायनं तलाव बांधले म्हणून? मग पाणी आधी कोणाले द्याचं, ते नाही सांगतलं कोणी तुम्हाले?"

मुन्नीबाई घरात गेल्या, कागद आणि हातोडा घेऊन बाहेर आल्या, आणि कुलपासमोर स्टूल टाकून बसल्या. त्यांनी हातोडा उचलला नाही. मांडीवर कागद, कागदावर हातोडा, एवढंच. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारू लागला, काय झालं. आणि प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या, "माह्या खोलीत दुसऱ्याचं खत आहे." दिवेलागणीच्या आत हेमेंद्र टेम्पो घेऊन आला. "दीदी, पहले बताना था न," म्हणाला. केवळरामांनी त्याचे पैसे सुशिलाबाईंच्या हाती पाठवले.

त्या रात्री मुन्नीबाईंनी फरशी चार वेळा धुतली. सकाळी चेतना आली तेव्हा तिला खताचा वास आलाच. तिने विचारलं नाही. खिडकी उघडली, आणि पिशवीतून आपलं कुलूप काढलं. त्याच्या दोन्ही किल्ल्या मुन्नीबाईंनी तिच्याकडेच राहू दिल्या, आणि त्याच आठवड्यात भाड्याचा कागद करून घेतला.

आता उलटं झालं आहे. केवळराम मुन्नीबाईंशी बोलत नाहीत. परवा ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "सुशिला, तिले सांग, तिची टाकी भरून सांडून राहिली."

सुशिलाबाई भिंतीपाशी आल्या, तोंड उघडलं.

"ऐकू आलं," मुन्नीबाई भिंतीच्या अलीकडून म्हणाल्या, आणि जाऊन बटण बंद केलं.