गुळवेलीचा काढा आणि आईची किडनी

किडनी टिकवायच्या गोळीने, सायक्लोस्पोरिनने, माझ्या तोंडावर केस आणले. आईची किडनी बसवून वर्ष झालं होतं. किडनी ठणठणीत, आणि मी गोंडपिपरीच्या बाजारात ओढणीने तोंड झाकून फिरणारी पोरगी. हिरड्याही सुजून दातांवर चढलेल्या. खाणीविरुद्धच्या सभेत उभी राहिले की मागून यायचंच, "भाषण देते का दाढी दाखवते वो?"

नागपूरच्या डॉक्टरने गोळी बदलली. टॅक्रोलिमस. केस जातील म्हणाला. गेले, तोंडावरचे, मग डोक्यावरचेही. हात थरथरायला लागले, रक्तात साखर चढली. यातलं त्याने काहीच सांगितलं नव्हतं. डब्यात कागद होता, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आमची पत्रकं आठवीच्या पोराला कळतील अशी आम्ही लिहायचो. माझ्या जिवाचं पत्रक मला शब्दकोश घेऊनही कळेना.

खाणीच्या जनसुनावणीत माईक धरला तर तो हातात नाचायला लागला. मंचावरचे साहेब हसले, "काऊन मॅडम, भेव लागून राह्यला का?"

"हात हलून राह्यला साहेब. मी जागची नाई हलत."

साखरेचं मात्र आईने मनावर घेतलं. आमच्याकडे ताप येवो की साखर, कडुनिंबावरची गुळवेल उतरवतात, ठेचून उकळतात, उपाशीपोटी पाजतात. रोगाशी भांडायची ताकद येते म्हणतात. "पी बाई, मुकाट्यानं. सुईपरीस बरं." मी प्यायले. अंगातला एक अवयव काढून दिलेल्या बाईला वाटीभर काढ्यासाठी नाही कसं म्हणायचं?

साखर थोडी उतरली. मग पाय सुजले, लघवी कमी झाली. नागपूरला भरती केलं. बाहेरचं काही देता का, डॉक्टरने विचारलं. आईने काढ्याचं सांगितलं, कौतुकाने. तो ओरडलाच, "शरीर परकी किडनी मारतं, म्हणून आम्ही त्याची ताकद दाबतो. आणि तुम्ही ती वाढवता?"

आई म्हणाली, "परकी कशी जी? माहीच हाये न थे."

जिथे घरोघरी गुळवेल उकळते तिथल्या पेशंटला 'बाहेरचं खाऊ नका' एवढंच सांगून भागतं का? हे मी डॉक्टरच्या तोंडावर विचारलं. तर म्हणतो, काढ्यानेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही. मग माझ्या आईवर ओरडताना ती खात्री कुठून आली होती?

इंजेक्शनं झाली. किडनी अर्धीमुर्धी वाचली. किती टिकेल ते कोणी बोलत नाही.

घरी आल्यावर आईने कोयत्याने वेल बुडातून तोडली. पण गुळवेल अशी मरत नाही. वर झाडावर हिरवीच राहते आणि दोऱ्यासारखी मुळं पुन्हा जमिनीकडे सोडते. आई सकाळी अंगण झाडायच्या आधी ते दोरे ओढून तोडते, बोटांना गुंडाळून, एकेक.

"माय, राहू दे न."

ती वळून बघत नाही. "गोळी घेतली का तू?"