करंज्यांखालचा पेपर

नाताळ आला की आमच्याकडं जुने पेपर खाटेवर अंथरतात आणि तळलेल्या करंज्या त्यावर निथळायला ठेवतात. काल सून तळत होती, मी पेपर अंथरत होतो. निवडणूक, पूर, कुठल्याशा सिनेमावरून झालेली भांडणं, जगाचं अख्खं वर्ष एका खाटेवर मावलं. मग एक पान हातात आलं. मार्थाला, माझ्या बायकोला, मातीला दिलं त्या दिवसाचं. वरपासून खालपर्यंत बघितलं. मॅच जिंकलेली, साड्यांचा सेल लागलेला. तिचं कुठंच काही नाही.

"बाबा, अंथरा की. करंज्या करपतील."

"हे पान नको."

सुनेनं वाकून तारीख बघितली. मग हळूच म्हणाली, "आई असत्या तर म्हणाल्या असत्या, म्हाताऱ्याला पेपराचं लई कौतुक."

खरंय. मार्थाला वाचता येत नव्हतं. रोज सकाळी मी अडखळत मोठ्यानं वाचायचो, तर म्हणायची, "कोण मेलं तेवढं सांगा, बाकीचं राहू द्या."

तेवढंच त्या पानात नव्हतं. मग ते मीच अंथरलं. सुनेनं गरम करंजी त्यावर ठेवली, आणि तेल सावकाश बातम्यांवर पसरत गेलं.