फ्लॉरेन्सचा सोमवार

टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये त्या काळी इंडियाला निघालेलं कुणी वाटेत इटलीत थांबणार असेल, तर आधी एका नागपूरच्या काकांकडे चहाला जायचं, असा रिवाजच पडला होता. काका तेलाच्या कंपनीत इंजिनियर, रोम आणि फ्लॉरेन्स दोनदा करून आलेले. ते सूचनांचा कागद लिहून द्यायचे, आणि त्याच्या झेरॉक्स कॉपी घराघरांतल्या फ्रिजवर लागलेल्या असायच्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमची पाळी आली.

सूचना चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. रस्ते दगडी आहेत, तेव्हा साडी नेसलात तरी पायांत स्नीकर्सच घाला. चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी सोडत नाहीत. कॉफी उभ्याने प्या, टेबलाशी बसलात की बिल फुगतं. दुपारी दुकानं बंद असतात, चिडू नका, झोप काढा. छोटी इलेक्ट्रिक शेगडी आणि मुगाची डाळ बरोबर असू द्या. काकूंनी वर तोंडी भर घातली, "आणि लोणचं हँडबॅगेत नको गं, माझी बॅग अजून वास मारते."

मला विचारायचं होतं ते वेगळंच. लग्नाआधी मी ड्रॉइंग टीचरचा कोर्स केला होता. तिथल्या लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात शिंपल्यावर उभ्या असलेल्या एका देवीचं चित्र होतं, काळंपांढरं, पोस्टकार्डाएवढं. तिच्या केसांचा रंग कोणता असेल यावर आम्ही मुली पैजा लावायचो. पुढे लग्न झालं, टेक्सास आलं, ड्रायव्हिंग आलं, बँकेतली नोकरी आली, आणि ब्रश काही पुन्हा हातात आला नाही. पण ते चित्र फ्लॉरेन्सला आहे हे मी विसरले नव्हते. ते खरं बघायचं, एवढी एकच इच्छा मी त्या प्रवासात धरली होती.

"ते म्युझियम ना? फर्स्ट क्लास आहे," काका म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर स्लाइड दाखवली. दारासमोर काकू, गॉगल लावून. मला तेव्हाच समजायला हवं होतं. त्यांच्या साऱ्या स्लाइड्स बाहेरच्याच होत्या.

रोमहून आम्ही एका दिवसासाठी फ्लॉरेन्सला गेलो, तो वार सोमवार होता. आणि सोमवारी म्युझियम बंद.

बंद दारासमोर उभी राहून मी आधी काकांवर मनातल्या मनात तोंडसुख घेतलं. मग स्वतःवर. खिचडी कशी शिजवायची आणि पाकीट कसं सांभाळायचं हे मी दहा जणांना विचारलं होतं. दार कधी उघडतं हे एकालाही नाही.

"अगं, क्लोज्ड आहे तर आपण काय करणार? नेक्स्ट टाइम बघू," नवरा म्हणाला.

"नेक्स्ट टाइम नाही. उद्या."

"उद्या फ्लाइट आहे. आई एअरपोर्टवर येणार आहे."

"मला माहीत आहे. तरी उद्या."

नऊ वर्षांच्या संसारात मी असा हट्ट कधी केला नव्हता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग एअरलाइनच्या ऑफिसात गेला. पुढचं विमान गुरुवारी होतं. सासूबाईंना त्याने तार केली, विमान लेट आहे म्हणून.

मंगळवारी दार उघडताच आम्ही आत शिरलो. चित्र माझ्याहून उंच होतं. केस ना पिवळे ना तांबडे, जुन्या मधासारखे. आम्ही सगळ्याच पैज हरलो होतो. मला रडू आलं, आणि ते नुसतं आनंदाचं नव्हतं. आपण चित्रं काढायची कशी सोडून दिली, याचंही होतं. नवरा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला. दीड तासात त्याने एकदाही घड्याळ बघितलं नाही. त्याबद्दल मी त्याचे आभार मानायला हवे होते, मानले नाहीत.

नाशिकला पोचलो त्या दिवशी स्वयंपाकघरात सासूबाईंनी विचारलं, "विमानाला एवढं काय झालं होतं गं? दोन दिवस?"

खोटं तयार होतं, पण तोंडातून निघेना. "विमानाला काही नाही झालं. मला एक चित्र बघायचं होतं. मीच थांबवलं त्यांना."

त्यांनी हातातली पोळी तव्यावर टाकली. ती उलटली. तीन वर्षांनी लेक भेटणार होता, त्यातले दोन दिवस मी खाल्ले होते. मी बोलणी खायची तयारी करून उभी होते.

"मग नीट बघितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मला कधी कुठे थांबावंसं वाटलं, तरी ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं."