चिंधा जवाईची लेक

अभिमनला आमच्या भागात त्याच्या नावाने हाक मारणारे थोडेच आहेत. बाकी सगळ्यांचा तो चिंधा जवाई. सासरी आला की परत जायचं नाव न काढणारा हा जावई त्याने आधी लोकनाट्यात, मग सीडीवर आणि आता मोबाइलवर असा चाळीस वर्षं रंगवला. सासूच्या स्वयंपाकघरात शिरायचं, डब्याचं झाकण उचलायचं आणि विचारायचं, "जेवाले काय शे?" जेवायला काय आहे, एवढ्यावर सगळे हसतात. एसटीचा कंडक्टरसुद्धा तिकीट देताना त्याला तेच विचारतो. धुळ्याच्या कॉमर्स कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. दुसऱ्या वर्षी तो लोकनाट्यात गेला, मी पदवी घेऊन नोकरीला लागलो.

त्याची मुलगी कामिनी धरणगावच्या शाळेत होती, तेव्हा पोरं तिचा डबा उघडून हेच वाक्य म्हणत. तिने डबा न्यायचंच सोडलं. मोठी झाल्यावर तिने जळगावला एका स्टुडिओत कॅमेरा शिकून घेतला आणि नऊ वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. मांडवात कॅमेरा घेतलेली बाई पाहून आधी लोक थबकायचे, मग कुणीतरी सांगायचं, "चिंधा जवाईनी पोर शे," की सगळे मोकळे व्हायचे. गाण्यांचे चार अल्बम, दोन छोट्या फिल्मा झाल्या आणि चौतिसाव्या वर्षी तिने स्वतःचा मोठा सिनेमा लिहिला. बायको वारल्यानंतर घरात एकट्या पडलेल्या माणसाचे दहा दिवस, एवढीच गोष्ट. त्या माणसाच्या भूमिकेसाठी तिने बापालाच विचारलं.

अभिमन घाबरला. "मना तोंड देखं की लोके हासतस माय. तुना पिच्चर बुडाई."

"आबा, तुमच्याशिवाय करणार नाही," ती म्हणाली.

कुठल्या प्रसंगात कुणाचा सदरा कोणता, टोपी डोक्यावर की खुंटीला, हे लिहून ठेवायचं काम तिने माझ्याकडे दिलं. त्यामुळे शूटिंगचे सगळे दिवस मी तिथे होतो. पहिल्याच दिवशी भेटायला आलेल्या बायका दारात दिसल्या आणि अभिमन सवयीने म्हणाला, "या, बसा."

कामिनीने कॅमेरा थांबवला. "आबा, मयताच्या घरी कुणी 'या' म्हणतं का? आणि जाणारा 'येतो', आपल्या बोलीतलं 'येस', म्हणतो का? नुसते सरकून जागा करा."

अभिमनने कान पकडला. "चिंधा बोलना, मी नही."

दुसऱ्यांदा तो काही न बोलता ओट्यावर वीतभर सरकला. तेच दृश्य सिनेमात आहे.

पहिला खेळ पारोळ्याच्या एका मंगल कार्यालयात ठरला. रविवार, ४ फेब्रुवारी २०२४, दुपारी तीन वाजता. सकाळी चिंधाच्या खेळांची दवंडी देणाऱ्या मोतीलालची भोंग्याची रिक्षा गावातून फिरली आणि तिथेच घोळ झाला. त्याला कागद लिहून दिला होता, पण चाळीस वर्षांची सवय. तो ओरडत फिरला, "चिंधा जवाई परत उना! पोट धरीसन हासाले या!"

कार्यालय गच्च भरलं. कामिनी माझ्या कानाशी लागली. "नाना, हे सगळे हसायला आलेत. स्वयंपाकघरातल्या प्रसंगाला हसले, तर माझा सिनेमा संपला. मी परत कॅमेरा घेऊन लग्नाच्या मांडवात उभी राहीन."

अभिमन तर आतच आला नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ करून बसला.

पडद्यावर खांद्यावर टॉवेल टाकलेला अभिमन आला आणि हशा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "जेवाले काय शे?" पुन्हा हशा. कामिनीने माझं मनगट धरलं. भेटायला आलेल्या बायका दारात आल्या, अभिमन वीतभर सरकला. पुढच्या रांगा गप्प झाल्या, मागे खसखस चालूच होती.

मग तो प्रसंग आला. पाहुणे निघून गेलेत, अभिमन स्वयंपाकघरात येतो, डब्याचं झाकण उचलतो. मागे हसू फुटायला लागलं. सगळे त्या वाक्याची वाट पाहत होते. पडद्यावरचा अभिमन डब्यात बघत राहिला. तळाला बायकोने थापलेल्या दोन सुकलेल्या भाकरी होत्या. त्याने झाकण पुन्हा लावलं, नीट, चारी बाजूंनी दाबून.

हसू मध्येच थांबलं. पुढचा पाऊण तास मला फक्त पंख्यांचा आवाज ऐकू आला.

सिनेमा संपला, दिवे लागले. टाळी नाही, शिट्टी नाही. लोक उठले, चपला शोधल्या आणि खाली बघत निघून गेले. कामिनीशी कुणी बोललं नाही. ती खुर्चीवर बसली. "गेले सगळे नाना. एक शब्द नाही. पडला."

मी दाराशी गेलो. सुंदरबाई नावाच्या ओळखीच्या वृद्ध बाई पायरी उतरत होत्या. डोक्यावर पदर ओढलेला. त्यांच्या मागच्या सगळ्या बायकांचाही तसाच.

"अक्का, न सांगताच निघाल्या? पोरीला दोन शब्द तरी बोलायचे."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मला काही कळतच नाही. "मयतना घरथीन निंघतांना 'येस' म्हनतस का भाऊ?"

कामिनी माझ्या मागेच उभी होती, तिने ऐकलं. डोळे पुसत ती रस्ता ओलांडून टपरीवर गेली. मीही मागे गेलो.

अभिमनने वर न बघताच विचारलं, "कितलाक हासनात?"

"सुरुवातीला खूप," कामिनी म्हणाली. "नंतर कुणीच नाही. बायका डोक्यावर पदर घेऊन गेल्या, आबा."

अभिमन बाकावर वीतभर सरकला. कामिनी तिथे बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. टपरीवाल्याच्या परातीकडे बघून तिने आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं.

"आबा, जेवाले काय शे?"

टपरीवाला इतका हसला, की त्याच्या हातातला चहा सांडला.